उत्तर देण्याआधी पूर्वपक्ष मांडा

अकरावी-बारावीतलं पोरगं एक दिवस आरतीला उभं राहत नाही. "माझा देवावर विश्वास नाही," म्हणतं. मग जे होतं ते बहुतेक घरांत सारखंच. बाबांचा आवाज चढतो, आजी ताट बाजूला सारते, आई मध्ये पडून "राहू दे आता, परीक्षा झाल्यावर बोलू" म्हणते आणि विषय बंद होतो. बंद होतो म्हणजे आत जाऊन बसतो. मुलगा मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ बघून दारूगोळा जमवतो. बाबा "विज्ञानानेही मान्य केलं" असला काहीतरी मजकूर घरच्या ग्रुपवर टाकतात. दोघांनाही वाटतं, आपण समोरच्याला गप्प केलं. प्रत्यक्षात दोघांनी एकमेकांचं ऐकलेलंच नसतं.

माझी विनंती अशी आहे की हा वाद घरात होऊ द्या. दाबू नका, पुढेही ढकलू नका. फक्त एक नियम पाळा. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडून मांडा, आणि असं मांडा की त्यानंच म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." याला आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात. शास्त्री-पंडितांनी शेकडो वर्षं हा नियम पाळला. आपल्या जेवणाच्या टेबलावर तो पाळायला काहीच हरकत नाही.

मी राहते तो भाग लखनऊच्या उत्तरेला, सीतापूर रस्त्यावर आहे. नाव बख्शी का तालाब. इथले लोक नुसतं बीकेटी म्हणतात. हवाई दलाचा तळ, कॉलेजं आणि आंब्याच्या बागा अशी ही वस्ती. बदलीनं, नोकरीनं आलेली मराठी घरं अधूनमधून भेटतात. कोणी साताऱ्याकडचं, कोणी अमरावतीकडचं. या घरांतली मुलं एकाच वर्षात अमावास्येला चंद्रिका देवीला लोटणारी गर्दी बघतात, ज्येष्ठातल्या 'बड़े मंगल'ला रस्त्यारस्त्यावर लागणारे पुरी-भाजीचे भंडारे बघतात, पहाटेची अजान ऐकतात, मोहरमचे जुलूस बघतात आणि भाद्रपदात आपल्या घरचा गणपती बसवतात. "यातलं खरं कोणतं?" हा प्रश्न इथल्या मुलाला लवकर पडतो. तो प्रश्न उद्धटपणाचा नसतो. जे डोळ्यांसमोर आहे त्याचा अर्थ लावायचा तो प्रयत्न असतो, आणि त्याला "मोठ्यांना उलट बोलू नये" हे उत्तर होऊ शकत नाही.

"हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे" हेही उत्तर नव्हे. देव आहे का, हा वाद आपल्याकडे जितक्या कसोशीनं झाला तितका फार थोड्या ठिकाणी झाला असेल. बौद्ध, जैन आणि चार्वाक जगाचा कर्ता मानत नाहीत हे अनेकांना ठाऊक असतं. पण वेद प्रमाण मानणारे, यज्ञाचा शब्दन् शब्द जपणारे मीमांसकही जगाचा निर्माता मानत नाहीत, हे घरात कोणी सांगत नाही. त्यांच्यातल्याच, सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी विचारलं होतं: सृष्टीच नव्हती तेव्हा देवाला दया आली ती कोणाची? दया करायला कोणीच नव्हतं. आणि दयेपोटी जग निर्माण केलं असेल तर त्यात इतकं दुःख कसं? हा माणूस नास्तिक चळवळीतला नव्हता, वैदिक परंपरेचा कट्टर कैवारी होता.

आपल्या मातीच्या जवळचं उदाहरण जिनसेनांचं आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष त्यांना गुरुस्थानी मानायचा; त्या घराण्याची सत्ता आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होती. नवव्या शतकातल्या या जैन आचार्यांनी आपल्या 'आदिपुराणा'त सृष्टिकर्त्याच्या कल्पनेला एकामागून एक प्रश्न विचारले आहेत. जग करण्याआधी तो कुठे होता? त्याला शरीर नसेल तर त्यानं जड वस्तू घडवल्या कशा? कच्चा माल आधीच होता म्हणाल, तर तो कोणी केला? आणि कच्चा माल आपोआप होता हे चालत असेल, तर जगच आपोआप होतं असं का चालू नये? ज्या राष्ट्रकूटांच्या काळात हे लिहिलं गेलं, त्याच राजवटीत वेरूळला कैलास लेणं कोरलं गेलं. वेरूळच्या 34 लेण्यांत 12 बौद्ध, 17 हिंदू आणि 5 जैन आहेत. कर्ता मानणारे आणि न मानणारे एकाच डोंगरात, हाकेच्या अंतरावर कोरत होते. मुलांना तिथे नेलंत तर एवढं नक्की सांगा.

देवाच्या बाजूनं सगळ्यात नेटाचा युक्तिवाद मांडला तो मिथिलेच्या उदयनाचार्यांनी, हजारेक वर्षांपूर्वी, 'न्यायकुसुमांजली' या ग्रंथात. त्या ग्रंथात विरोधकांचं म्हणणं इतकं सविस्तर आलं आहे की नुसता तेवढा भाग वाचणाऱ्याला उदयनाचार्य निरीश्वरवादी वाटावेत. त्यांच्या अनेक युक्तिवादांतला मुख्य असा: घडा दिसला की कुंभार असणार हे आपण जाणतो, कारण घडा हे कार्य आहे, म्हणजे आधी नसून नंतर झालेली वस्तू. अंकुर, डोंगर, पृथ्वी हीही कार्यंच आहेत. म्हणून त्यांचाही कोणी जाणता कर्ता असला पाहिजे. आपली आजी "एवढं जग आपोआप झालं होय रे?" असं विचारते तेव्हा ती हेच म्हणत असते. तिचं म्हणणं अडाणीपणाचं नाही. त्यामागे मोठी परंपरा उभी आहे.

उदयनाचार्यांच्याही आधी, बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तींनी या युक्तिवादावर बोट ठेवलं होतं. घडा मातीचा असतो आणि वारूळही मातीचं असतं. म्हणून वारुळालाही कुंभार असतो का?

इथे मी तुम्हाला बीकेटीतल्या कुठल्याही आंब्याच्या बागेत न्यायला तयार आहे. जुन्या झाडाच्या खोडावर वाळवी मातीचा पापुद्रा चढवते. तो नखानं खरवडून बघा. आत ओलसर बोगदा असतो आणि त्यात पांढुरक्या वाळवीची धावपळ चाललेली असते. माती कणाकणानं आणून लाळेनं चिकटवलेली. ऊन आत येऊ नये, ओल टिकावी, मुंग्यांना वाट मिळू नये अशी ती रचना असते. कामकरी वाळवीला बहुधा डोळेही नसतात. नकाशा कोणाच्याच हातात नाही. प्रत्येकीला फक्त आपल्या पुढचा कण माहीत. तरी जमिनीखाली खोल्या आहेत, वाटा आहेत, हवा खेळते आहे. ही रचना नाही असं कोण म्हणेल? आणि हिचा कुंभार कुठे आहे?

यावर नैयायिकांचं, म्हणजे उदयनाचार्यांच्या न्यायपरंपरेतल्या पंडितांचं, उत्तरही मुलांना सांगा, नाहीतर पूर्वपक्ष अर्धा राहील. ते म्हणतात, वारूळ आणि अंकुर यांना कर्ता आहे की नाही याचाच तर वाद चालू आहे. ज्याबद्दल वाद आहे तीच वस्तू उलटा पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. वाळवीच्या पाठीशीही ईश्वर आहे असंच आमचं म्हणणं आहे. हा बचाव चलाख आहे आणि तर्काला धरूनही आहे. पण त्याची किंमत मोजावी लागते. मग "कार्य तिथे कर्ता" हा नियम उरतो फक्त माणसानं केलेल्या वस्तूंच्या आधारावर. आणि तोच नियम पुढे नेला तर कुंभाराला हात लागतात, चाक लागतं, आणि घर बांधायला एक नाही, दहा माणसं लागतात. मग जगाचा कर्ता एकच, अशरीरी आणि सर्वज्ञ कशावरून? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश विचारवंतानं जवळपास हेच विचारलं, त्याच्या मृत्यूनंतर 1779 साली छापलेल्या ग्रंथात. पेली नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकानं 1802 साली घड्याळाचा दाखला देऊन तोच जुना युक्तिवाद पुन्हा उभा केला. 1859 साली डार्विननं सजीवांची रचना नैसर्गिक निवडीनं, पिढ्यानपिढ्यांच्या लहान लहान फरकांतून कशी साकारते ते दाखवलं, आणि डोळा-पंख-फूल यांच्या रचनेवरून कर्त्याकडे जाणारी वाट फारच अवघड झाली. माझं मत विचाराल तर आज "डोळा बघा किती सुंदर बनवलाय" या आधारावर देव सिद्ध करायला जाऊ नये. जीवशास्त्राचं एक प्रकरण वाचलेला मुलगाही तो युक्तिवाद मोडेल, आणि मग आजीची श्रद्धाच मोडीत निघाली असं त्याला उगाच वाटेल.

डार्विननं मिटत नाही असा एक युक्तिवाद मात्र आहे, आणि नास्तिक मुलांनी तो नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लखनऊच्या चौकातल्या फिरंगी महलकडे वळते. अठराव्या शतकात इथल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी घालून दिलेला अभ्यासक्रम, 'दर्स-ए-निजामी', उपखंडभरच्या मदरशांत पोचला. त्यात कुराण-हदीसच्या जोडीला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाला मोठी जागा होती. त्या तत्त्वज्ञानामागे इब्न सिना उभा आहे, अकराव्या शतकाच्या आरंभीचा वैद्य आणि विचारवंत. त्याचं म्हणणं साधारण असं: आपण जे जे बघतो ते असलंच पाहिजे असं काही नाही, ते नसूही शकलं असतं. मी नसते, हा रस्ता नसता, सूर्य नसता. अशी प्रत्येक वस्तू आपल्या असण्यासाठी दुसऱ्या कशावर तरी टेकलेली असते. सगळंच जर टेकलेलं असेल, तर ते कशावर टेकलं आहे? न टेकलेलं, स्वतःच्या बळावर असलेलं काहीतरी मानावं लागेल.

याला "मग देवाला कोणी बनवलं?" हे उत्तर लागू पडत नाही. हा प्रश्न मुलांना हुकमी एक्का वाटतो, पण इब्न सिना असं म्हणतच नाही की प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो. टेकलेल्या गोष्टीला आधार लागतो, इतकंच तो म्हणतो. खरं उत्तर वेगळं आहे. 1948 साली बीबीसी रेडिओवर बर्ट्रंड रसेल आणि जेझुइट पंथाचे फ्रेडरिक कॉपलस्टन यांचा यावर वाद झाला. रसेलची भूमिका होती की जगातल्या एकेका गोष्टीचं कारण विचारता येतं, पण सगळ्या विश्वाचं मिळून कारण विचारणं याला अर्थ नाही. विश्व आहे, एवढंच. कॉपलस्टनना ते पटलं नाही. त्या दोघांचा वाद मला आवडतो तो यासाठी की दोघं एकाच जागी येऊन थांबले. "हे आहेच, याच्या मागे जाता येत नाही" असं दोघांनाही कुठेतरी म्हणावं लागलं. एकानं ते देवाबद्दल म्हटलं, दुसऱ्यानं विश्वाबद्दल. आपल्या घरातला वाद या जागेपर्यंत पोचला तर पुष्कळ झालं. तिथून पुढे कोणी कोणाला मूर्ख म्हणू शकत नाही.

आता दुसरी बाजू. देवाविरुद्धचा सगळ्यात जड युक्तिवाद पुस्तकातून येत नाही. तो किल्लारीहून येतो.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून, मिरवणुकीत नाचून किल्लारी आणि लातूर-उस्मानाबादकडची इतर गावं थकून झोपली. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि हजारो माणसं झोपेतच गेली. त्या भागातली घरं दगड-मातीची. भिंती दोन-दोन हात जाड, दगडांना धरून ठेवायला नुसती माती, आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर अंथरलेला मातीचा जड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत अंगावर आलं. ज्यांनी रात्री 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हटलं त्यांच्यावर पहाटे हे ओढवलं. सर्वशक्तिमान आणि दयाळू असा कोणी वर असेल, तर तो त्या पहाटे काय करत होता? हा प्रश्न विचारणाऱ्याला पापी म्हणू नका. युरोपात 1755 साली लिस्बनला, तेही संतांच्या सणाच्या दिवशी, भूकंप झाला तेव्हा व्होल्तेरनं हाच प्रश्न विचारला. आपल्या ब्रह्मसूत्रांनीही तो अंगावर घेतला आहे: ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप येतो, हे तिथे मान्य करूनच उत्तर दिलं आहे. आणि लखनऊच्या शिया परंपरेत तर ईश्वराचं न्यायी असणं, 'अद्ल', हे धर्माच्या पाच मूलतत्त्वांत मोडतं. म्हणजे देव न्यायी आहे का, हा प्रश्न श्रद्धाळू लोकांनीच सगळ्यात आधी आणि सगळ्यात गंभीरपणे घेतला आहे.

उत्तरं कोणती आहेत? माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून दुःख आलं, हे एक. खून, युद्ध, जातीचा छळ यांना ते काही अंशी लागू पडतं. भूकंपाला पडत नाही. दुःखातून माणूस घडतो, हे दुसरं. काही माणसं घडतातही. पण माळवदाखाली गेलेल्या सहा महिन्यांच्या बाळाला घडायला वेळच मिळाला नाही. तिसरं आपलं घरचं: ज्याचं त्याचं कर्म. ब्रह्मसूत्रांचं उत्तर हेच आहे की ईश्वर कर्मानुसार फळ देतो. तर्काच्या दृष्टीनं हे उत्तर बाकीच्या दोन्हींपेक्षा भक्कम आहे, हे मान्य करते. पण त्यानं देव सुटतो आणि मेलेला माणूस आरोपी होतो. किल्लारीच्या बाळानं मागच्या जन्मी काहीतरी केलं असणार असं म्हणणं मला कधीही जमणार नाही. शिवाय याच उत्तराच्या जोरावर आपल्या समाजानं कोट्यवधी माणसांना सांगितलं की तुमची जात हे तुमच्या कर्माचं फळ आहे. जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर या उत्तरावर का तुटून पडले ते यातून समजतं.

चांगल्या हेतूनं दिलेलं उत्तरही घसरतं. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे. अस्पृश्यता पाप आहे याबद्दल रवींद्रनाथ ठाकुरांचं दुमत नव्हतं. तरी त्यांनी जाहीरपणे विरोध केला: नैसर्गिक उत्पाताची कारणं निसर्गातच शोधली पाहिजेत, आणि ती शिक्षा असेल तर ती भलत्यांवरच कशी पडली? गांधीजींनी रवींद्रनाथांचं निवेदन आपल्याच 'हरिजन'मध्ये छापलं आणि मग उत्तर दिलं. मला रवींद्रनाथांचं म्हणणं पटतं. पण विरोधकाचं म्हणणं आपल्या पत्रात आधी जसंच्या तसं छापणं, ही गोष्ट गांधीजींकडून शिकण्यासारखी आहे.

यावरून एक कळकळीचं सांगणं. ज्याच्या घरात माणूस गेलं आहे त्याला युक्तिवाद देऊ नका, कुठल्याच बाजूचा. "देवाला चांगली माणसं लवकर लागतात" हेही म्हणू नका आणि "बघा, इतकी पूजा करून काय झालं" हेही म्हणू नका. डबा न्या, कागदपत्रांत मदत करा, शेजारी बसा. वादाला वेळ पुढे आहे.

"मानून नुकसान काय? असला तर फायदाच," असं पुष्कळ लोक म्हणतात. फ्रान्सच्या पास्कालनं सतराव्या शतकात हीच पैज मांडली होती. यात फार दम नाही. कोणत्या देवावर पैज लावायची ते ती सांगत नाही, आणि फायद्यासाठी ठेवलेला विश्वास खऱ्या भक्तालाच पटणार नाही. अनुभवाचं बोलणं वेगळं. वारीत चालताना, चंद्रिका देवीच्या पायरीवर, नमाजात, कोणाला काही आतून जाणवलं असेल तर ते खोटं म्हणायचा अधिकार दुसऱ्याला नाही. तसंच, त्या अनुभवाच्या जोरावर दुसऱ्यानं मानलंच पाहिजे असा आग्रह धरायचा अधिकार अनुभव घेणाऱ्यालाही नाही. ज्याचं त्याच्यापुरतं ते खरं प्रमाण आहे; वादाच्या मैदानात ते चालत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा खटाटोप करते आहे ती. समजा, उदयनाचार्य पूर्ण जिंकले. समजा, इब्न सिनाचं म्हणणं निर्विवाद ठरलं. मग काय सिद्ध झालं? विश्वाला एक जाणता कर्ता किंवा एक अंतिम आधार आहे, एवढंच. त्यानं मुलगा व्हावा म्हणून अंगारा देणारा बुवा सिद्ध होत नाही. कोर्टाची केस जिंकून देण्यासाठी अकराशे रुपये मागणारा कोणी सिद्ध होत नाही. अमक्या जातीनं गाभाऱ्यात येऊ नये, पाळीच्या दिवसांत बाईनं देवघराकडे फिरकू नये, यातलं काहीही सिद्ध होत नाही. कर्त्यापासून या गोष्टींपर्यंत यायला मध्ये एकही पायरी नाही. आपण ती उडी डोळे मिटून मारतो. आस्तिकांनी हे स्वतःला विचारायला हवं, कारण देवाचं नाव वापरून सगळ्यात जास्त लुबाडलं जातं ते आस्तिकालाच.

फुल्यांनी हे फार स्वच्छ पाहिलं होतं. ते नास्तिक नव्हते. या विश्वाचा एक निर्मिक आहे असं ते मानत. त्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक 1891 साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झालं, त्याचा पायाच हा आहे. पण सगळे स्त्री-पुरुष एकाच निर्मिकाची लेकरं असतील तर त्यांच्यात उच्च-नीच कसं, आणि लेकराला आईबापाकडे जायला दलाल कशाला, असा त्यांनी त्यातून निष्कर्ष काढला. म्हणून 1873 साली सुरू झालेल्या सत्यशोधक समाजात भटजीशिवाय लग्नं लागू लागली. दुसरीकडे गोपाळ गणेश आगरकर देवाबद्दल साशंक राहिले, 'सुधारक'मधून लिहीत राहिले, आणि समाजसुधारणेच्या पुष्कळ प्रश्नांवर फुल्यांच्या जवळ येऊन पोचले. एक निर्मिक मानून, दुसरा न मानता.

अगदी अलीकडचं उदाहरण डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचं. लागू म्हणत, देवाला आता रिटायर करा. दाभोलकर त्याच मंचावर सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं हे म्हणणं नाही. देव मानायचा हक्क राज्यघटनेनं दिला आहे, आमचा विरोध देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. दोन मित्र महाराष्ट्रभर फिरून, लोकांसमोर, एकमेकांशी असहमत होत होते. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यात देव मानण्यावर कुठलीही बंदी नाही. तो वाचून बघा. भीती घालून, अघोरी प्रकार करून माणसाला नागवणाऱ्यांविरुद्ध तो आहे.

तेव्हा घरातल्या तरुणांना माझं सांगणं: आजीच्या देव्हाऱ्याची टिंगल करू नका. तिचा युक्तिवाद तुम्ही व्हिडिओत पाहिलेल्या टिंगलीपेक्षा जुना आणि भक्कम आहे. तो आधी तिच्या बाजूनं मांडता येतो का बघा. आरतीला उभं राहायचं नसेल तर तसं शांतपणे सांगा, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात प्रसादाची ताटं मांडा. देव मानत नसाल तर शेजारच्या मुलाचं दुखणं, मोलकरणीचा पगार, कॉलेजातला रॅगिंगचा प्रकार यांना उत्तर कोण देणार? तुमच्या हिशेबात तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

मोठ्यांना सांगणं: मुलानं देव नाकारला म्हणजे संस्कार गेले असं धरून चालू नका. कुमारिलांचे आणि जिनसेनांचे संस्कार काही कमी नव्हते. आरतीला उभं राहणं ही परीक्षा करू नका. "मग तुला आमचं काहीच पटत नाही का?" असं विचारून सगळं घरच पणाला लावू नका, तो फक्त एका प्रश्नाबद्दल बोलतो आहे. आणि त्याच्या हातात अंगारा, गंडा, ताईत देऊन "हे घाल, डोकं ठिकाणावर येईल" असं तर मुळीच नको.

यंदा गणेशोत्सवात, मंडळ लखनऊचं असो, बडोद्याचं असो की बार्शीचं, एक संध्याकाळ या विषयाला द्या. ऑर्केस्ट्रा एक दिवस कमी करा. दोन वक्ते बोलवा, एक मानणारा, एक न मानणारा, आणि त्यांना मोठ्या पदव्या नसल्या तरी चालतील. गावातली शिक्षिका आणि बँकेतला कॅशिअर पुरेत. नियम एवढाच की प्रत्येकानं पहिली दहा मिनिटं समोरच्याची बाजू मांडायची. ती बरोबर मांडली की नाही हे समोरच्यानं सांगायचं, आणि त्यानं 'हो' म्हटल्यावरच स्वतःची बाजू सुरू करायची. 'नाही' म्हटलं तर पुन्हा मांडायची. शेवटी टाळ्यांनी निकाल लावू नका, मतदान घेऊ नका. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवा, आणि पहिला प्रश्न दहावीच्या आतल्या कोणाला तरी विचारू द्या.